पासवर्ड

"आणि हा पासवर्ड बदलायचा असला तर?" चहाचा कप पुढे करत हिराताईंनी कॅमेरेवाल्याला विचारलं. त्याने बिचाऱ्याने तेही दाखवलं.

एकट्या आईची काळजी म्हणून दिगंबरने बंगलोरला बसून इचलकरंजीच्या घरात कॅमेरे लावून घेतले होते. इंटरनेट जोडल्यापासून आई त्याला मोबाइलवर दिसायची. दिसते म्हटल्यावर त्याचे फोनच थांबले. तीन आठवडे वाट बघून ताईंनीच लावला, तर म्हणाला, "अगं, रोज बघतो की तुला!"

रविवारी ताईंनी पासवर्ड बदलला. दहाव्या मिनिटाला फोन वाजला.

"आई, घर दिसेना!"

"पासवर्ड बदललाय. दर रविवारी बदलणार, चोरांचा काय भरवसा? थांब, चष्मा शोधते."

चष्मा नाकावरच होता. तो सापडेपर्यंत सुनेची सर्दी, नातीची परीक्षा आणि दिगंबरची पाठदुखी, सगळं बोलून झालं.

असे चार रविवार गेले. पाचव्या रविवारी ताई भाचीच्या मुलाच्या बारशाला गेल्या आणि पासवर्ड बदलायचा राहूनच गेला. आता कुठला फोन येतोय, असं म्हणत त्या घरात शिरल्या, तोच फोन वाजला.

"आई, नवा पासवर्ड सांग ना. आणि ही निळी साडी कधी घेतलीस गं? छान दिसतेय."

ताईंनी भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे बघितलं. गालातल्या गालात हसत त्यांनी खुर्ची ओढली.

"सांगते. आधी जेवलास का ते सांग."