कृपया फोन टेकवा

आपलं स्वागत आहे. कृपया फोन टेकवा.

आजींनी फोन टेकवला. दाराशेजारच्या काचेच्या काळ्या चौकोनावर, नीट, सपाट.

आपलं स्वागत आहे. कृपया फोन टेकवा.

"उलटा करून बघा," मावशी म्हणाली. बसस्थानकातल्या या एकुलत्या एका संडासाची ती सफाईवाली. छातीवर बिल्ला, चौऱ्याऐंशी नंबर. हातात फडकं, पायाशी भरलेली बादली.

"उलटा कर, सुलटा कर. मेलाय तो," आजी म्हणाल्या. "सकाळपासून सूनबाई विचारतेय, पोचलात का, पोचलात का. त्यातच जीव गेला त्याचा."

मावशी हसली. आजी हसल्या नाहीत. त्यांनी एक पाय दुसऱ्याला घट्ट चिकटवून घेतला होता. कडक इस्त्रीचे कपडे, केस चापूनचोपून बसवलेले. कुठेतरी कुणाच्या तरी घरी निघालेल्या.

"हे घे," त्यांनी मूठ उघडली. घामेजलेलं एक नाणं. "सुटं आहे."

"मला घ्यायला बंदी आहे हो. आणि घेऊन करू काय? दार नाणी खात नाही."

"तुझ्याकडे किल्ली असेल की गं."

मावशीने भिंतीकडे पाहिलं. खिळा होता. किल्ली गेल्या महिन्यात काढून नेली. तिचा स्वतःचा फोन सुपरवायझरच्या कपाटात. कामाच्या वेळेत जवळ ठेवायचा नाही.

"दुसरीकडे कुठे?"

"पुलापलीकडे. दहा मिनिटं."

"दहा," आजी म्हणाल्या आणि पुलाच्या पायऱ्या नजरेने मोजू लागल्या. मध्येच सोडून दिल्या.

आपलं स्वागत आहे.

कुणीही जवळ उभं राहिलं की दार बोलायचं. आता एक बॅगवाला येऊन उभा राहिला होता.

"दादा, तेवढा तुमचा फोन टेकवा ना यांच्यासाठी. नाणं घ्या, रोख आहे."

"नको, मावशी." त्याने फोन खिशावरून हाताने दाबला. "परवा असंच एकाने गाठलं. बॅटरी संपली, तेवढं एक पेमेंट करा म्हणाला. माझं खातं धुवून नेलं त्याने."

"इथे धुणारी मी एकटीच आहे हो."

"तुम्हाला नाही म्हणत मी. पण काय सांगावं."

"राहू दे गं," आजी हळूच म्हणाल्या. "मी थांबते. थांबता येतं मला. तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी, मधल्या सुट्टीपर्यंत —"

कृपया फोन टेकवा.

दाराचे नियम भिंतीवर लिहिले होते. एक फोन, एक माणूस. बाहेर येणाऱ्याने दार धरून ठेवू नये. न लिहिलेला नियम मावशीला पाठ होता: दार कुणासाठी धरलं तर वरच्या साहेबांच्या फोनवर घंटी वाजते. दोनदा वाजली होती. एकदा एका पोटुशीसाठी, एकदा काठीवाल्या म्हाताऱ्यासाठी. "तिसऱ्यांदा वाजली की घरी बस," साहेब म्हणाला होता. घरी बसून खायचं काय, ते बोलला नव्हता.

खट्.

आधीच आत गेलेली एक मुलगी बाहेर आली. दोन्ही कानांत बोंडं, डोळे फोनमध्ये. तिच्या मागे दार सावकाश मिटू लागलं. वीतभर फट. आजींनी मावशीकडे पाहिलं. मागितलं काही नाही, नुसतं पाहिलं.

मावशीचा पाय पुढे गेला.

मग मागे आला.

खट्.

आपलं स्वागत आहे.

"बरं, चला," बॅगवाला अचानक म्हणाला. त्याने आजींचा चेहरा आत्ता कुठे नीट पाहिला होता. "टेकवतो. जे होईल ते होईल." त्याने फोन टेकवला. चौकोन हिरवा झाला.

धन्यवाद. आत या.

दार सताड उघडलं. आजी हलल्या नाहीत.

"जा ना आजी. जा पटकन."

आजी समोर बघत होत्या. दाराकडे नाही, पुलाकडे नाही, कुठेच नाही. हातातला मेलेला फोन त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. मावशीने तोंडाकडे पाहिलंच नाही. बारा वर्षं जिने खाली बघूनच पोट भरलं, तिला खालीच कळतं. आजींच्या बुटाच्या कडेने एक बारीक ओघळ निघाला होता आणि तिने आत्ताच पुसलेल्या फरशीवरून बॅगवाल्याच्या दिशेने निघाला होता.

मावशीने बादली उचलली. दोन पावलं टाकली, अडखळली, आणि अख्खी बादली आजींच्या कमरेपासून खाली रिकामी झाली. अर्धी तिच्या स्वतःच्या अंगावर. उरलेली बॅगवाल्याच्या बुटांत.

"आई गं! सांडली बाई! माझ्याच हाताला मेलं धड काही धरवत नाही!"

"डोळे फुटले का?" बॅगवाला ओरडला. "आणि मी इथे भलं करायला उभा! म्हाताऱ्या बाईला भिजवलंत? नंबर काय तुमचा? चौऱ्याऐंशी?"

त्याने फोन काढला. बिल्ल्याचा फोटो घेतला. मावशीने बिल्ला सरळ करून दिला.

दोन पावलांवर थांबलेल्या मुलीने एका कानातलं बोंड काढलं. "काय झालं?"

"काही नाही, पाणी सांडलंय," मावशी म्हणाली. "जपून चाला."

तेवढ्यात आजी भानावर आल्या. एकदम, भर वर्गात बोलावं तशा खड्या आवाजात ओरडल्या, "बघून चालता येत नाही तुला? नखशिखान्त भिजवलंस मला! कामाला कोण ठेवतं असल्यांना?"

"चुकलं, आजी."

"चुकलं म्हणे!"

ओरडता ओरडता त्यांनी मावशीचा हात धरला होता. सोडत नव्हत्या. दोन ओल्या तळहातांच्या मध्ये ते नाणं रुतत होतं.

बॅगवाल्याच्या फोनमधून टिंग असा आवाज आला. तक्रार पोचली होती. त्यांच्या मागे, आत कुणीच नसताना, दार आपल्या वेळेला मिटलं.

धन्यवाद. पुन्हा या.