निधीचा डबा

रंग कंपनीच्या अंधेरीच्या लॅबमध्ये भिंतीच्या वॉटरबेस रंगाला दाट ठेवणारं थिकनर कुणाचं घ्यायचं, जुन्या केमिस्ट चेतनाचं की नव्या निधीचं, ते ठरायचं होतं. दोघींच्या रंगाचे डबे महिनाभर, न ढवळता, गरम ओव्हनमध्ये ठेवले. ज्याचा रंग तळाशी बसेल, तो बाद.

स्वतःचा डबा चेतनाने उघडलाही नाही, इतकी खात्री. निधीचा मात्र ती रोज गुपचूप उघडायची, तळापर्यंत चमचा फिरवून बघायची आणि चरफडायची, "मेला बसत कसा नाही!"

शेवटी साहेबांनी झाकणं काढली. चेतनाच्या रंगावर पाणी सुटलं होतं, खाली गोळा झाला होता. निधीचा रंग श्रीखंडासारखा.

"निधी, मध्ये ढवळलास?"

"नाही सर, हातही नाही लावला."

"झकास! तुझंच थिकनर फायनल."

"सर, पण..." चेतनाने सुरुवात केली. रोज ढवळणारी तीच तर होती.