अर्ध्या कपाचा वाटा

दवाखान्याच्या बाकावर शरयू कारणयंत्राच्या निकालाची वाट पाहत बसली होती. हे यंत्र आल्यापासून कुठल्याही अपघातात कुणाचा वाटा किती टक्के, ते तासाभरात मोबाइलवर येतं. मागे एका बारशात जिलबीचा आग्रह करून एका पाहुण्याची साखर वाढवल्याबद्दल तिच्या नणंदेला सव्वीस टक्के मिळाले होते. तेव्हापासून नणंदेच्या हातून कुणी पाणीसुद्धा घेत नाही.

दुपारी घरी आलेले शेजारचे खानोलकर भाऊजी जायला उठले, तेव्हा शरयूच म्हणाली होती, "बसा हो, अर्धा कप टाकलाय." चहा पिऊन ते बाहेर पडले आणि कोपऱ्यावर नारळाची झावळी थेट त्यांच्या खांद्यावर आली. चहा नसता, तर ती नुसती रस्त्यावर पडली असती.

मोबाइल वाजला. शरयूनं एक डोळा मिटून मोठ्यानं वाचलं. तिचा वाटा शून्य, चहाचाही शून्य. निव्वळ योगायोग.

तिच्या जिवात जीव आला. पण शेजारी बसलेल्या खानोलकर वहिनींचा चेहरा मात्र पार उतरला.

"योगायोग म्हणजे उद्याही होईल की," त्या म्हणाल्या. "कारण असतं तर टाळलं असतं. आता ह्यांना घराबाहेर कसं सोडू मी?"

शरयूनं मोबाइल पालथा ठेवला.

"यंत्राला काय कळतंय, वहिनी? माझ्या चहापायीच झालं सगळं."

"मला वाटलंच होतं," वहिनी म्हणाल्या. "आजपासून तुमच्याकडचा चहा बंद."

आणि दुपारपासून पहिल्यांदाच त्या बाकाला पाठ टेकून बसल्या.