वेलाची तार

फौजदार समोर बसल्यावर नवऱ्याने हात जोडले. बायको दारात उभी होती. "वेल चढवायला तार बांधली होती साहेब, कुंपणापासून समोरच्या झाडापर्यंत. काढायची राहून गेली."

"मधून सायकलींची वाट जाते. आणि तार बरोबर गळ्याच्या उंचीवर?"

"योगायोग हो! तशा त्यांच्या घंटा सकाळी डोकं उठवतात, पण म्हणून कुणी असं करतं का?"

फौजदाराने सुस्कारा सोडला. तारेत अडकलेल्या पाववाल्याचा जीव वाचला होता, आवाज मात्र कायमचा गेला होता. "मुद्दाम बांधली हे सिद्ध झालं, तर तुरुंग. नुसते विसरलात, तर दंड भराल आणि सुटाल." तो उठला. दारातल्या बायकोला त्याने जाता जाता विचारलं, "वहिनी, तुम्हीही सायकलवरच कामाला जाता ना?"

"रोज. याच वाटेने, पाववाल्याच्या आधी."

"मग त्या दिवशी कशा वाचलात?"

"बसने गेले. दोन्ही चाकांतली हवा कुणीतरी सोडली होती. मी शेजारच्या पोरांना नाही नाही ते बोलले."

"वात्रटच आहेत ती कार्टी," नवरा घाईने म्हणाला.

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. मग आत गेली आणि चाकांच्या व्हॉल्व्हची दोन टोपणं आणून तिने टेबलावर ठेवली. "काल यांचा शर्ट धुवायला घेतला, तेव्हा खिशात सापडली."

"अगं, तुला वाचवायलाच सोडली ना हवा!" नवरा ओरडला.

फौजदार पुन्हा खाली बसला.