डिझर्व्ह आणि अर्न यातला फरक

केनवडच्या वीरेंद्रने पस्तिशी ओलांडली, तेरा पोरींनी नाही म्हटलं, आई नवस बोलून थकली. अशात कळलं, शिरपूरच्या जानरावांना लेकीसाठी इंग्रजी येणारा मुलगा पाहिजे, बाकी वय-वावर काही विचारत नाहीत. वीरेंद्र जिवावर उदार होऊन महिनाभर मोबाईलवर शब्द घोकत बसला. म्हशीची धार काढतानाही तोंडात अर्न, अचीव्ह, डिझर्व्ह.

जानरावांकडं पोहे झाले, चहा झाला, पोरगी काही बाहेर येईना. जानराव म्हणाले, "वीरेंद्रभाऊ, डिझर्व्ह आन् अर्न यातला फरक सांगा. लेकराले समजंल असा."

वीरेंद्रने शब्द घोकले होते, फरक नव्हता घोकला. हे स्थळ गेलं की पुढं कोणी दारातही उभं करणार नव्हतं. शेवटी त्याला वावरच आठवलं.

"काका, पेरलं, निंदलं, रातभर राखन केली, तं पीक आपन डिझर्व्ह केलं. पोते घरात येऊन पडले, तं अर्न केलं. मी संसार डिझर्व्ह करतो जी. अर्न मातर अजून नाही झाला."

जानरावांनी खुशीत मांडीवर थाप मारली. "वा रे पठ्ठे! पास! सोमवारी सकाळी या."

"सोमवारी साखरपुडा?" वीरेंद्र पाया पडायला वाकला.



"कायचा साखरपुडा, बाप्पा! मले पोरगीच नाही. माह्या शाळेले इंग्रजीचा मास्तर पाह्यजे होता. जाहिरात देली तं कुत्रं फिरकलं नाही, पोरगी हाये म्हनलं तं तुमी बाविसावे."