गुरम्मांचं ताट

“ठेव ते खाली!”

गुरम्मा एवढ्या जोरात ओरडल्या की आत जेवत बसलेल्या निंगप्पाचा घास हातातच राहिला. मागच्या अंगणातल्या मोरीपाशी त्याची बहीण रुद्राणी सासूचं खरकटं ताट धरून उभी होती. स्टोव्हची पिन शोधायला गुरम्मा जेवणावरून जरा उठल्या होत्या, तेवढ्यात तिने ते उचललं होतं. गुरम्मांनी ताट हिसकावलं आणि मोरीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं.

“माज्या ताटाला हात लावायचा न्हाय. कितींदा सांगायचं तुला?”

“माज्या भावादेखत तरी ऱ्हाऊ द्या की अत्ती.”

सासूला ती माहेरच्या कानडी रीतीने अत्ती म्हणे. एरवी त्या हाकेत लाड असायचा. आज नव्हता.

भांडण तीन महिने चाललं होतं आणि तेही भांडी घासण्यावरून. ऐकणाऱ्याला हसू यावं असंच. वळसंगहून सोलापुरात सून म्हणून आलेल्या रुद्राणीला एकाच गोष्टीचा तोरा होता, तो म्हणजे तिच्या हातच्या भांड्यांचा. राख चाळून घ्यायची, काथ्याने घासायचं, पितळेला चिंच लावायची, दोन पाण्यांतून काढायचं. तिने घासलेल्या तांब्यात बघून कुंकू लावता यायचं. पहिली दोन वर्षं गुरम्मांनीच ते तांबे शेजारणींना कौतुकाने दाखवले. मग एके दिवशी त्यांनी सुनेने घासलेलं आपलं ताट उचललं, स्टोव्ह पेटवला आणि ताटावर उकळतं पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी तांब्यावर ओतलं. पुढे तर त्या आपलं ताट घासूच देईनात, जेवायलाही मागे अंगणात एकट्या बसू लागल्या. रेशनच्या रांगेत दोन-दोन तास उभं राहून आणलेलं रॉकेल त्या एका ताटापायी जळत होतं.

“राखेनं निघत न्हाय व्हय?” रुद्राणी चिडून विचारायची.

“खरकटं निघतं. समदं न्हाय निघत.”

एवढं म्हणून त्या स्टोव्हला पंप मारायला लागायच्या. नवरा शिवशरण मिलमधून दमून यायचा आणि म्हणायचा, “एक ताट कमी घासायचं, त्यात तुझं बिघडतंय काय?” असल्या शहाणपणाने बाईचं डोकं जास्तच फिरतं, हे त्याला कोण सांगणार?

शेजारच्या शिवबाईंनी मात्र सगळ्याचा अर्थ लावून दिला. नळावर, चार बायकांत. “खेड्यातली सून. तिच्या हातचं गुरम्माला चालत न्हाय.” चालत नव्हतं तर सुनेने थापलेल्या भाकरी गुरम्मा रोज कशा खात होत्या, हे कुणी विचारलं नाही. रुद्राणीच्याही मनात ते आलं नाही. तिला फक्त नळावरच्या बायकांचं हसू ऐकू येत राहिलं. पाचवा महिना लागलेल्या त्या पोरीने वळसंगला कार्ड टाकलं: अण्णा, मला न्यायला ये, परत पाठवू नको.

निंगप्पा सकाळच्या एसटीने आला. रुद्राणीची ट्रंक भरून तयार होती. शिवशरण पहिल्या पाळीला गेलेला. गुरम्मांनी ट्रंकेकडे एकदा पाहिलं आणि पाहुण्याला बजावलं, “जेवून जा. पर एकटा जा. पोरगी हितनं हलायची न्हाय, तिचं बाळंतपण मी करणार हाय.”

आणि आता हे ताट.

त्या घरात जेवण झालं की ताटात पाणी घालायचं, बोटांनी ताट निपटायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं, अशी रीत होती. अन्न म्हणजे शिवाचा प्रसाद, त्यातला कणही वाया जाता कामा नये. रुद्राणीच्या माहेरीही तेच होतं. पण ज्याने त्याने आपलंच ताट धुऊन प्यायचं. दुसऱ्याचं पिते ती फक्त आई, तेही आपल्या लेकराचं.

गुरम्मा पाठमोऱ्या बसून स्टोव्हला पंप मारत होत्या. रुद्राणी मोरीच्या त्या टोकाला गेली. तिने सासूच्या ताटात पाणी ओतलं, बोटांनी ताट निपटलं. भाकरीचे कण, आमटी, सगळं त्या पाण्यात आलं. शिवबाई कुडापलीकडून मान उंच करून बघत होत्या. निंगप्पा दारात येऊन उभा राहिला.

“अण्णा, तू साक्षीला हायेस,” रुद्राणी म्हणाली. “अत्ती, माजा हात चालत न्हाय न्हवं तुमच्या ताटाला? मग तुमचं ताट मीच धुऊन पिते. तुमचं उष्टं माज्या पोटात गेल्यावर तुमच्यात अन् माज्यात काय वेगळं ऱ्हातंय, ते सांगा मला.”

तिने ताट ओठांशी नेलं.

गुरम्मा गुडघ्यांनी अधू. त्या कशा उठल्या आणि कशा धावल्या, ते कुणाला नीट दिसलंच नाही. त्यांचा हात ताटावर बसला. ताट फरशीवर आपटलं, पाणी रुद्राणीच्या लुगड्यावर उडालं. गुरम्मांनी सुनेचाच पदर ओढला आणि तिचे ओठ खसाखसा पुसले.

“माज्या बहिणीवर हात टाकता?” निंगप्पा अंगणात उतरला.

गुरम्मांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. “प्यालीस का? एक थेंब तरी गेला का तोंडात? बोल की!”

“न्हाय,” रुद्राणी घाबरून म्हणाली.

गुरम्मा मटकन खाली बसल्या. पोटच्या पोरालाही त्यांनी जे कळू दिलं नव्हतं, ते आता बोलावं लागणार होतं. त्यांनी कुडापलीकडच्या शिवबाईंकडे पाहिलं. मिलच्या संध्याकाळच्या भोंग्याआधी ते सगळ्या गल्लीत होणार, हे त्यांना ठाऊक होतं.

“टीबी हाय मला, पोरी,” त्या म्हणाल्या. “घिऊन जा रे हिला, निंगप्पा. आत्ताच्या आत्ता घिऊन जा.”