बाबांची युती

“आता बघ, हा बाहेर जाणार,” बाबा म्हणाले आणि त्यांनी रिमोटनं चित्र थांबवलं.

पडद्यावर एक दांडगा खेळाडू लाकडी तुकड्यांच्या कोड्यापुढे घामाघूम होऊन उभा होता. मधलं चित्र त्यानं हौसेनं जुळवलं होतं, कडांचा पत्ता नव्हता. एका बेटावर सोडलेली माणसं, कोडी, डावपेच, दर आठवड्याला मतदान आणि एकाची हकालपट्टी. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेल्या माणसाला या कार्यक्रमात एवढं काय सापडलं, हे घरात कुणालाच उमगत नव्हतं.

“कोडं तर काय, सुटेलही,” बाबा म्हणाले. “याची माती झाली युती करताना. सगळ्यांना एकत्र बसवून बोलला. असं करायचं नसतं. एकेकट्याला गाठायचं. प्रत्येकाला वाटलं पाहिजे, याचा खरा भिडू मीच.”

“तुम्ही असतात तर जिंकून आला असतात,” थोरली म्हणाली.

“जिंकायचं कुणाला आहे? मला हवं तेव्हा बाहेर पडता आलं असतं, एवढंच.”

आई स्वयंपाकघरात होती. धाकटा खाली गाडी पुसत होता. बाबांनी आवाज उतरवला. त्यांच्या हृदयानं एक झटका देऊन झाला होता आणि पुढचा कधीही येईल, असं डॉक्टर म्हणत होते.

“मला मशीनवर ठेवायचं नाही. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली की आतल्या माणसाचं काय होतं, ते मी पाहिलंय. तुझ्या आईला हे झेपणार नाही. धाकटा तर विरघळेलच. खमकी तू एकटी आहेस. पण त्या दोघांना काही बोलू नकोस. आधी कळलं तर मोडता घालतील.”

त्यांनी हात पुढे केला. तिनं तो हातात घेतला. तोंडानं हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

“चला, जेवून घ्या,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाबा न्हाणीघरात कोसळले. दार फोडून त्यांना रुग्णालयात नेईपर्यंत उशीर झाला होता. हृदय पुन्हा चालू झालं, मेंदू झाला नाही. आता त्यांची छाती वरखाली होत होती ती यंत्राच्या तालावर.

डॉक्टरीणबाईंनी तिघांना आपल्या खोलीत बसवलं. “ते आता शुद्धीवर येणार नाहीत. यंत्र काढायचं की चालू ठेवायचं, ते तुम्ही सांगा. घाई नाही. पण तिघांचं एकमत लागेल.”

“मुलं म्हणतील तसं,” आई भिंतीकडे बघत म्हणाली.

“ताई मोठी आहे. तिला विचारा,” धाकटा म्हणाला.

सगळे थोरलीकडे बघू लागले. बाबांचं बोलणं तिच्या अगदी ओठांवर आलं. आपण ते उच्चारलं तर आई जन्मात आपलं तोंड बघणार नाही, हेही त्याच क्षणी मनात आलं.

“अजून थोडं बघू या,” ती म्हणाली.

दोघांनी इतक्या झटकन माना डोलावल्या, की तिचा उरलासुरला धीर खचला. बाबा म्हणाले तेच खरं होतं. हे दोघं कधीच तयार होणार नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी पुढच्या वेळी विचारलं, तेव्हाही असंच झालं. त्याच्या पुढच्या वेळीही. बाबांच्या पाठीला जखमा झाल्या. नळीच्या कडेनं ओठ फाटले. ती ओल्या कापसानं ते टिपायची आणि मनातल्या मनात मतं मोजायची. एक विरुद्ध दोन. एवढी पुस्तकं वाचलेली बाई, पण आईला काय सांगायचं याचं एक धड वाक्य तिला जुळवता येईना. शेवटी तिनं ठरवलं, आधी धाकट्याला फोडायचं.

तिनं त्याला जिन्यात गाठलं. “तुझ्याशी बोलायचंय. आईच्या कानावर जाऊ देऊ नकोस.”

धाकट्यानं हात जोडले. “मला माहितीये तू काय म्हणणार. ठेवू या म्हणणार. ताई, पाया पडतो तुझ्या, नको आता. बाबांनी माझा हात धरून सांगितलं होतं, मशीनवर ठेवू नका म्हणून. म्हणाले, ताई शेवटपर्यंत आशा सोडायची नाही आणि आईला झेपायचं नाही. खमका तू एकटा आहेस.”

थोरली पायरीवर बसली.

“मग इतके दिवस बोलला का नाहीस?”

“तू का नाही बोललीस?”

वरच्या पायरीवर पाण्याची बाटली घेऊन आई उभी होती. ती केव्हा आली, ते कुणालाच कळलं नव्हतं.

“खमकी मी होते,” आई म्हणाली. “तुम्ही दोघं कच्चे होतात. मला म्हणाले, पोरांना आधी कळू देऊ नकोस.”

धाकट्याच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला आणि तो भिंतीला टेकला. बाबांचं एकही मत फुटलं नव्हतं. फक्त ज्याला त्याला गप्प बसायला सांगून ठेवल्यामुळे एकही मत पडलं नव्हतं, आणि म्हणून ते अजून आत पडून होते.

तिघं मिळूनच आत गेले. डॉक्टरीणबाईंनी एकेकाकडे पाहिलं, एकेकाची मान हलली. परिचारिकेनं पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला. आईनं बाबांचे पाय धरले, धाकट्यानं हात. थोरली त्यांच्या कानाशी वाकली, मग पुन्हा ताठ उभी राहिली. कुजबुजणं पुरे झालं होतं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

“बाबा, झेपणार कुणालाच नाहीये. तरी तुम्ही निघा.”